शनिवार-रविवारचा समुद्र: हातात सव्वीस तास, ते कसे वापरायचे

ताई, तुमचा प्रश्न मी आधी एकदा मांडून घेतो म्हणजे बाकीच्यांनाही कळंल. लातूरहून नऊ जण निघणार, सासू-सासरे (सासूबाईंचे गुडघे धरलेले), तुम्ही दोघं, दीर-जाऊ आन् तीन लेकरं, सगळ्यात धाकटं चार वर्षांचं. शुक्रवारी रात्री निघायचं, सोमवारी सकाळी दुकान आणि शाळा गाठायची. समुद्राला लागून चांगलं फॅमिली रिसॉर्ट पाहिजे, बजेट मधलं, तर कोणतं घ्यावं.

मी सतरा वर्षं झाले लातूर, उदगीर, अहमदपूर, अंबाजोगाई इकडच्या फॅमिली ग्रुपला कोकणात नेतो, आणि हा प्रश्न मला वर्षातून शंभरदा येतो. दरवेळी सगळे रिसॉर्टच्या नावापासून सुरू करतात. फोटोतला स्विमिंग पूल बघतात, बुक करतात, मग गाडी बघतात, आणि समुद्र कसा आहे ते तिथं गेल्यावर कळतं. हे उलटं करा. आधी किनारा ठरवा, मग तारीख ठरवा आणि ती तिथी बघून ठरवा, मग जायचं कसं ते बघा, आणि रिसॉर्ट सगळ्यात शेवटी. खोली बेताची असली तरी ट्रिप चांगली होते, पण किनारा चुकला किंवा वेळ चुकली तर लेकरं नुसती काठावर बसून वाळूत रेघोट्या मारतात आणि म्हातारी माणसं खोलीत टीव्ही बघतात, मी हे स्वतः पाह्यलंय.

आता तासांचा हिशोब करू. शनिवार-रविवार दोन दिवस म्हणतो आपण, पण आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही, कुठूनही निघा, एक रात्र जाण्यात आणि एक रात्र येण्यात जाते. शनिवारी दुपारी एकला तुम्ही रिसॉर्टवर टेकणार आणि रविवारी दुपारी तीनला निघणार, म्हणजे हातात आले सव्वीस तास, त्यातले झोपेचे आठ काढा. ह्या सव्वीस तासांत लोक अलिबाग, काशीद, मुरूड-जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर असं सगळं बसवायचं म्हणतात. नका करू. एक गाव, एक किनारा, एक मुक्काम. चार वर्षांच्या लेकराला पाच किनारे नको असतात, त्याला एकाच किनाऱ्यावर एकच खड्डा चारदा खणायचा असतो.

तुमच्यासाठी मी अलिबागच्या दक्षिणेला लागून जी गावं आहेत, अक्षी आणि नागाव, ती सुचवीन. कारणं तीन. एक, तिथला किनारा सपाट आहे, पाणी हळूहळू खोल होत जातं, ओहोटीला तर लांबपर्यंत नुसती ओली वाळू उघडी पडते. दोन, अलिबाग रायगड जिल्ह्याचं मुख्य ठिकाण आहे, जिल्हा रुग्णालय, मेडिकल दुकानं, एटीएम सगळं जवळ, म्हातारं माणूस आणि लहान लेकरू सोबत असताना ही गोष्ट मी पूलपेक्षा वर धरतो. तीन, तिथं रेल्वे आणि बोटीनं जाता येतं, रात्रभर गाडी चालवावी लागत नाही. नागावला वॉटर स्पोर्ट्सवाले लई, शनिवार-रविवारी कलकलाट असतो, मोठ्या लेकरांना ते आवडतं. अक्षी शांत, सुरूची झाडी, सावली. तुमच्या घरात दोन्ही प्रकारची माणसं आहेत, तर मुक्काम अक्षीला करा आणि तासभर नागावला जाऊन या.

वाळू काळी आहे हे आधीच लेकरांना सांगून ठेवा, नाहीतर फोटोतल्या पांढऱ्या वाळूची अपेक्षा ठेवून जातात आणि "हे घाण आहे" म्हणतात. घाण नाही ती. आपल्या रानातली काळी माती ज्या काळ्या पाषाणाची झालीय त्याच दगडाचा हा सगळा मुलूख आहे.

जायचं कसं. लातूरहून रात्रीची मुंबई गाडी धरा (आठवड्यातले काही दिवस ती बीदरहून भरून येते, तेव्हा रिझर्व्हेशनशिवाय चढायचं नावही काढू नका), सकाळी सीएसएमटी. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरवाल्यांना देवगिरी एक्स्प्रेस आहे, तीही सकाळीच पोचवते. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, नऊ जणांना, त्यात दोघांना खालचा बर्थ लागतोच, म्हणून पहिल्याच दिवशी काढा. सीएसएमटीहून टॅक्सी करून भाऊचा धक्का, तिथून मांडव्याला रो-रो बोट. ही २०२० मध्ये सुरू झाली, गाड्या जातात तिच्यातून पण पायी माणसांनाही तिकीट मिळतं, साधारण तासाभरात मांडवा. गेटवेहून पण बोटी आहेत आणि त्यांच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, स्वस्त पडतं, पण गेटवेला दगडी पायऱ्यांवरून हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो, तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांना ते जमायचं नाही. रो-रोला सपाट चढता येतं. मांडव्याला रिसॉर्टवाल्याकडूनच गाडी सांगून ठेवा, नऊ जण आणि बॅगा म्हणजे एक मोठी गाडी किंवा दोन रिक्षा, तिथं उतरल्यावर शोधत बसलात की अर्धा तास गेला.

आणखी एक, लेकरांनी समुद्र पहिल्यांदा बोटीतून बघणं ही वेगळीच गोष्ट आहे. २०१६ ला आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी एक ग्रुप नेला होता, त्यातली सात वर्षांची पोरगी बोटीच्या कठड्याला धरून आईला विचारत होती की एवढं पाणी कुणाचं आहे. आई काही बोलली नाही, नुसती तिच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. मी ते विसरलो नाही.

गाडीनंच जायचं असंल तर लातूर-पुणे-एक्स्प्रेस वे-खोपोली-पेण-अलिबाग. पण मग ड्रायव्हर दोन पाहिजेत, ह्यावर मी तडजोड करत नाही. दिवसभर दुकान करून रात्री दहाला स्टेअरिंगवर बसलेला दीर पहाटे तीन ते पाच या वेळात डुलकी घेतोच, त्याची इच्छा असो नसो. ट्रॅव्हलर केली तर सासू-सासऱ्यांना मागच्या शेवटच्या सीटवर बसवू नका, खड्ड्यात कंबर तिथंच मोडते. आणि ज्याला उलटी होते त्या लेकराला घाटाच्या आधी पोटभर खाऊ घालू नका, एखादी दशमी बस झाली, आवळा सुपारी जवळ ठेवा, आणि मोबाईल काढून घ्या हातातून.

बाकीचे पर्याय पटकन सांगतो कारण लोक विचारतातच. गणपतीपुळे: आपल्याला रस्ता सोपा, रत्नागिरी-नागपूर महामार्ग लातूर-तुळजापूरवरूनच जातो, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट उतरून रत्नागिरी, तिथून पंचवीस किलोमीटर. दर्शन होतं, अंबाबाईचंही होतं, म्हणून सासू-सासऱ्यांना आवडंल. पण पाचशेच्या वर किलोमीटर आहे, शनिवार-रविवारात होत नाही, तीन मुक्काम पाहिजेत. आणि तिथला समुद्र पोहायचा नाही, ओढ जबरदस्त आहे, देवळासमोर पाय ओले करायचे आणि मागं फिरायचं. दिवेआगर: सपाट, मोठा, सुंदर किनारा, घरगुती राहायची सोय चांगली, पण ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असं जावं लागतं, संभाजीनगरवाल्यांना जमंल, लातूरहून फार ओढाताण. काशीद: फोटोत सगळ्यात देखणा, वाळू फिकी, पण उतार एकदम आहे, दोन पावलांत कमरेवरून छातीवर पाणी, लहान लेकरांना घेऊन तिथं डुंबायला जाऊ नका. तारकर्ली: फार छान, पण त्यासाठी शाळेची सुट्टी पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, तिथी. हे नीट वाचा, कारण हे कुठलं रिसॉर्ट तुम्हाला सांगत नाही.

समुद्राला रोज दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी असते, साधारण सव्वासहा तासांनी पाणी पालटतं, आणि रोज ही वेळ पन्नासएक मिनिटांनी पुढं सरकते. म्हणजे गेल्या महिन्यात शेजारी जाऊन आले आणि "संध्याकाळी पाच वाजता मस्त पाणी होतं" म्हणाले, तर त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. मला अक्षीच्या एका कोळी काकांनी हिशोब शिकवला तो असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असंल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला बाराला भरती. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा तास इकडं-तिकडं होतो, नेमकी वेळ पाहिजे तर भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाईलवर मिळतं, पण ट्रिपची तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. आपल्या घरात चतुर्थी-एकादशी बघायला ते लावलेलंच असतं, समुद्रासाठी तेच वापरायचं.

दुसरी गोष्ट, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, जोर जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, समुद्र मवाळ असतो. म्हणून लेकरं घेऊन डुंबायचं असंल तर शनिवारी अष्टमी किंवा नवमी पडंल असा आठवडा शोधा. मग होतं काय की तुम्ही एकला पोचता तेव्हा ओहोटी असते, जेवता, थोडं पडता, चारला किनाऱ्यावर येता तेव्हा पाणी चढायला लागलेलं असतं आणि सहापर्यंत चढत राहतं. चढतं पाणी माणसाला काठाकडं ढकलतं, उतरतं पाणी आत ओढतं. लेकरांना पाण्यात न्यायची वेळ ही, चार ते सहा, ऊनही उतरलेलं. त्यात सूर्य समोरच पाण्यात बुडताना दिसतो. (सूर्योदय समुद्रातून दिसंल का असं बरेच जण विचारतात. आपला किनारा पश्चिमेचा आहे, सूर्य डोंगरामागून येतो आणि समुद्रात मावळतो.)

आणि कुलाबा किल्ला बघायचा असंल तर गणित बदलतं. हा किल्ला अलिबागच्या समोर पाण्यात आहे, शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला काढलेला, पुढं कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं. ओहोटीला चालत जाता येतं. त्याला तृतीया-चतुर्थी चांगली, उधाणाचा जोर संपत आलेला असतो पण पाणी अजून चांगलं हटतं आणि ओहोटी सकाळी आठ-नऊला येते, लेकरं नाश्ता करून निघाली की कोरड्यात जातात. अष्टमीला पाणी पूर्ण हटत नाही, मध्ये साचून राहतं, तेव्हा घोडागाडीनं जायचं. कधीही जा, पाणी पालटायच्या आत परत फिरा, किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, खाऱ्या पाण्यात असून गोड्या पाण्याची विहीर आहे, बघताना वेळ कसा जातो कळत नाही आणि मागं रस्त्यावर पाणी भरतं. घोडागाडीवाल्याला आधीच विचारा "किती वाजेपर्यंत" आणि त्याच्या वेळेच्या अर्धा तास आधी निघा.

तुमच्यासाठी मी अष्टमीचा शनिवार घेईन. किल्ला घोडागाडीनं होऊन जाईल, लेकरांचं पाणी महत्त्वाचं.

पाण्याबद्दल आता जरा सविस्तर बोलतो, हा भाग तुमच्या मिस्टरांना आणि दिरांना वाचायला द्या. आपल्याकडची पोरं विहिरीत पोहायला शिकतात. वीस-पंचवीस हात खोल विहिरीत वरून मुटका मारणारा माणूस समुद्राला घाबरत नाही आणि तिथंच घात होतो. विहिरीचं पाणी उभं असतं, दम लागला तर कपारीला धरता येतं. समुद्राचं पाणी चालतं. माझ्या सुरुवातीच्या ट्रिपमधला एक गडी, धडधाकट, गावात पोहण्यात एक नंबर, उतरत्या पाण्यात छातीपर्यंत गेला. पायाखालची वाळू सरकली आणि तो आत जायला लागला, काठाकडं तोंड करून हात मारत होता, जितका मारायचा तितका जागच्या जागी, दोन मिनिटांत दमला. बनाना बोटवाल्या दोन पोरांनी दोर टाकून काढला. त्याची आई किनाऱ्यावर वाळूत बसून नुसती कपाळ बडवत होती. त्या दिवसापासून मी गळ्यात शिट्टी घालतो आणि माणसं मोजतो, दर दहा मिनिटांनी मोजतो, लोक वैतागतात तरी मोजतो.

ओढीत सापडलात तर काठाकडं पोहायचं नाही, आडवं पोहायचं, किनाऱ्याला समांतर, ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्याच्यातून बाजूला झालात की लाटच तुम्हाला काठाकडं आणते. दम राखायचा, उताणं तरंगायचं, हात वर करून ओरडायचं. आणि दुसऱ्यानं नुसतं धावत आत जायचं नाही, दोर, ट्यूब, रिकामा पाण्याचा कॅन, जे तरंगंल ते टाकायचं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतली डझनाहून जास्त मुलं बुडाली, ती मोठी, शिकलेली मुलं होती.

माझे नियम सांगतो. मोठ्यांना कमरेच्या वर नाही, लेकरांना गुडघ्याच्या वर नाही. एका लेकरामागं एक मोठा माणूस, आणि त्याच्या हातात मोबाईल नाही, फोटो काढणारा वेगळा. उतरत्या पाण्यात डुंबणं बंद, वाळूत खेळा. अंधार पडला की पाणी बंद. दारू घेतलेला माणूस पाण्यात नाही, मग तो घरातला कर्ता का असंना. बनाना बोट, जेट स्कीला बसायचं तर लाईफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळून, चार वर्षांच्या लेकराला बसवायचंच नाही. आणि गाडी वाळूवर न्यायची नाही. ओली वाळू घट्ट दिसते, गाडी जाते, थांबली की चाकं रुततात, आणि भरती थांबत नाही. एका ट्रिपला दुसऱ्या ग्रुपची नवी कोरी गाडी बोनेटपर्यंत पाण्यात गेलेली आम्ही सगळ्यांनी मिळून दोराला धरून ओढलीय, निघाली पण इंजिन गेलं.

रिसॉर्टकडं येतो. फोन करून बोला, ॲपवरच्या फोटोवर जाऊ नका. "बीच टच" म्हणजे कंपाउंडच्या मागच्या फाटकातून थेट वाळू, "सी व्ह्यू" म्हणजे गच्चीवरून नारळाच्या झाडांमधून समुद्र दिसतो, आणि "बीच जवळ" म्हणजे काहीही. मला एकदा एका ठिकाणी बीच टच सांगून दीड किलोमीटर चालवलंय, सोबत दोन आज्या होत्या. तेव्हापासून मी नकाशावर सॅटेलाईट दृश्य लावून रिसॉर्टचं छप्पर ते वाळू असं अंतर मोजतो, मध्ये डांबरी रस्ता आहे का तेही दिसतं. तुम्हीही हेच करा, दोन मिनिटांचं काम आहे.

मग विचारायचं: तळमजल्याची खोली मिळंल का आणि तिच्यात कमोड आहे का, सासूबाईंसाठी हे सगळ्यात आधी. लाईट गेली तर जनरेटर आहे का आणि त्याच्यावर एसी चालतो की फक्त पंखा-दिवा. आंघोळीचं पाणी गोडं का मचूळ, कारण किनाऱ्यालगतच्या विहिरी-बोअर खारटच लागतात, केस धुता येत नाहीत, प्यायला जारच असतो. लेकरांचा पूल वेगळा आहे का, किती खोल, किती वाजता बंद होतो. लेकरांचे पैसे कोणत्या वयापासून. जादा गादी म्हणजे कॉट का जमिनीवर. चेक आउट कितीला आणि त्यानंतर दुपारपर्यंत एक खोली देता का, ह्याचं आधी बोलून ठेवलं तर बहुतेक देतात, नाहीतर रविवारी दहाला ओल्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन नऊ जण झाडाखाली बसलेले असतात. गाडीनं गेलात तर ड्रायव्हरची झोपायची सोय काय, हे कुणीच विचारत नाही. तो गाडीतच डासांत झोपला तर परतीच्या रात्री तुमची नऊ माणसं त्याच्या झोपेवर चाललेली असतात. त्याला खोली द्या, आपल्या बरोबरीचं जेवण द्या.

पूल लई मनावर घेऊ नका. पण पाहिजे, कारण उतरत्या पाण्याच्या वेळी "आता समुद्र नाही" म्हटल्यावर लेकरं रडतात, तेव्हा पूल कामाला येतो. आणि समुद्रातून आल्यावर आधी गोड्या पाण्यानं अंग धुऊन मगच पुलात, वाळू मांडीत राहिली तर रात्री लेकरू खाजवून खाजवून झोपू देत नाही.

पैसे देताना सांभाळा. इंटरनेटवर रिसॉर्टच्या नावानं दुसऱ्याचेच नंबर टाकलेले असतात, ते निम्मे पैसे क्यूआरवर मागतात आणि तिथं गेल्यावर बुकिंगच नसतं. नंबर दोन ठिकाणी पडताळून बघा, व्हिडिओ कॉलवर खोली आणि फाटक दाखवा म्हणा, ॲडव्हान्स थोडाच द्या. फसलात तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करा. सरकारी पाहिजे तर एमटीडीसीची (राज्य पर्यटन महामंडळाची) रिसॉर्ट गणपतीपुळे, हरिहरेश्वर, तारकर्लीला आहेत, बुकिंग त्यांच्याच साईटवरून करायचं, जागा उत्तम असतात.

जेवण. तुमच्या घरात सासरे माळकरी आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर "व्हेज मिळतं का" एवढंच विचारू नका, सगळीकडं मिळतं. भांडी-तवा वेगळा आहे का ते विचारा, आणि नसंल तर अक्षी-नागावात फक्त शाकाहारी घरगुती खानावळी पण आहेत, तिथं दोघांची सोय लावा. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात. मासे खाणाऱ्यांसाठी एक सांगतो, आपल्याकडं नदीचा-तलावाचा मासा खायची सवय, समुद्राचा नाही, आणि लेकरांना काट्याचा अंदाज नसतो. सुरमई द्या, मधला एकच मोठा काटा, बाकी मांस सुटं. बांगडा मोठ्यांनी खावा. पहिल्याच जेवणात कोळंबी, खेकडा, तिसऱ्या (शिंपल्या) असं सगळं मागवू नका, एखाद्याला अंगावर पित्त उठतं आणि रात्र दवाखान्यात जाते. सोलकढी घ्या सगळ्यांनी. भाकरी तांदळाची मिळंल, ज्वारीची नाही, दोन दिवस भाकरीवाचून ज्यांचं पोट भरत नाही त्यांच्यासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या, मी प्रत्येक ट्रिपला नेतो आणि रविवारी सकाळी सगळे तेच मागतात.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि २६ जानेवारी लागून आलेला शनिवार-रविवार टाळा, भाव दुप्पट आणि रस्ता बंद. संक्रांतीनंतरचा साधा शनिवार सगळ्यात चांगला. मे महिन्यात लोक म्हणतात लातूरपेक्षा तापमान कमी आहे, आकडा कमी असतो खरा, पण आपलं ऊन कोरडं आहे, तिथलं घामाचं, आपल्या माणसाला ते सोसत नाही, म्हाताऱ्यांना तर नाहीच. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, मासेमारी सुद्धा १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते, कोळी ज्या पाण्यात जात नाही त्याच्यात आपण काय जायचं.

रविवारी सकाळी पाणी उतरतं असंल, तेव्हा डुंबायचं नाही. लेकरांना ओल्या वाळूवर न्या, खेकड्यांची बारीक बारीक बिळं आणि त्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी बघायला मिळते, माझ्या अनुभवात हेच लेकरांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहतं. खडकावर अनवाणी नको, कालवांचे शिंपले ब्लेडसारखे कापतात. सासू-सासऱ्यांसाठी रिसॉर्टमधून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या उचलून पाण्याच्या कडेला, पायावर लाट येईल अशा ठेवा. वाळूत बसवू नका, गुडघेवाल्या माणसाला उठता येत नाही आणि मग ते पुन्हा येतच नाहीत किनाऱ्यावर. वाळूत चालणंही त्यांना कोरड्यातून नको, ओल्या घट्ट पट्ट्यातून चालवा, हाताला धरून.

आणि अक्षीत मुक्काम आहेच तर गावातला शिलालेख सासऱ्यांना नक्की दाखवा. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, मराठीतला आद्य शिलालेख मानतात तो. आद्यकवी मुकुंदराज आपल्या अंबाजोगाईचे आणि पहिला लेख इथं समुद्राच्या काठी, वारकरी माणसाला हे सांगितलं की ते त्या दगडापुढं बराच वेळ थांबतात, मी दोन-तीन आजोबांना हात जोडताना पाह्यलंय. जाता जाता पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसल्या तर घ्या, अलिबागच्या ह्या कांद्याला जीआय मानांकन आहे, चवीला गोडसर, पण तो उन्हाळ्याच्या तोंडाला येतो, जानेवारीत मिळंलच असं नाही. कोकम आणि आगळ (कोकमाचा घट्ट रस) बारा महिने.

बॅगेत: प्रत्येकाला दोन जोड्या जास्तीच्या, पटकन वाळणाऱ्या, जीन्स नको. ओल्या कपड्यांना दोन मोठ्या पिशव्या. ओआरएस, तापाचं औषध, उलटीची गोळी, बँडेज, बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. डासांचं मलम. लेकरांच्या मनगटावर पेनानं तुमचा मोबाईल नंबर लिहा, गर्दीत लेकरू चुकतं. आणि परतीला रविवारची मांडव्याची बोट आधीच बुक करा, संध्याकाळी सगळी मुंबई परत निघालेली असते, तीन-साडेतीनच्या आत अक्षी सोडा, शेवटच्या बोटीवर भरवसा ठेवून रात्रीची लातूर गाडी धरायला जाऊ नका.

तारीख नक्की झाली की त्या शनिवारची तिथी आणि सासूबाईंना किती पायऱ्या चढवतात एवढं मला कळवा, त्या दिवशीच्या भरतीच्या वेळा आणि कोणती बोट धरायची ते मी काढून देतो.